मावळतीचा समुद्र

बुधवारी सकाळी माझा नवरा मुकुंद टोकियोजवळच्या कावासाकीला कामाला गेला. दुपारी त्याच्या ऑफिसातून फोन आला. मी हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा तो गेला होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमची आठ वर्षांची सई शेजारच्यांकडे होती. संध्याकाळी तिला आणायला गेले आणि दारातच तिला सांगितलं. ऑगस्ट महिना होता, शाळेला सुट्टी होती. त्या शनिवारी आम्ही तिघं सुट्टीला निघणार होतो.

त्या सुट्टीविषयी लिहायचं तर आधी इथे, जपानला, येण्याविषयी लिहावं लागेल.

आम्ही त्र्याण्णव साली पुणं सोडलं. सहार विमानतळावर माझे आई-बाबा आले होते, सासूबाई आल्या होत्या, आणि धाकटे दीर सतीशभाऊजी गाडी घेऊन आले होते. आई रडत होती, म्हणून मी रडले नाही. चार वर्षांची सई ट्रॉलीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना टाटा करत होती. सासूबाई मूळच्या कोकणातल्या, हर्णैच्या. लग्न होऊन पुण्याला आल्या. मुकुंद शाळेत असतानाच त्याचे वडील गेले, आणि पुढे पालिकेच्या शाळेत शिकवून सासूबाईंनी दोन्ही मुलगे वाढवले. त्या बोलत कमी, आणि बोलल्या की फळ्यावर लिहिल्यासारखं बोलत. मुकुंदची कॉलर सारखी करत त्या म्हणाल्या, "जातो आहेस तर नीट बघून ये. नुसता राहून येऊ नकोस."

मुकुंदनं हे जरा जास्तच मनावर घेतलं.

टोकियोतल्या हिगाशी-कसाईत तेव्हा आपली माणसं फार थोडी होती. डाळ संपली की ट्रेननं दूर जाऊन आणावी लागे. जळणारा कचरा कोणत्या दिवशी ठेवायचा आणि न जळणारा कोणत्या दिवशी, हे अंगवळणी पडायलाच महिना गेला. मला भाषा थोडी येत होती. पुण्यात कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करताना संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी तीन वर्षं जपानी शिकले होते. का शिकतेस, असं सगळे विचारत. मला त्या अक्षरांचा नाद होता, एवढंच. मुकुंदला भाषेचा गंध नव्हता, पण स्टेशनातून बाहेर पडून पूर्ण आत्मविश्वासानं चुकीच्या दिशेला चालू लागण्यात त्याचा हात कोणी धरू शकलं नसतं. मी मागून पाट्या वाचत जायची आणि त्याला परत आणायची.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. एका रविवारी तो म्हणाला, चल, समुद्रावर जाऊ, सूर्यास्त बघू. चिबाच्या पलीकडे कुजुकुरी नावाचा लांबच लांब किनारा आहे. तिथे पोहोचलो तेव्हा चार वाजले असतील. वाळूवर चादर अंथरली, पोळी-भाजीचा डबा काढला आणि समुद्राकडे तोंड करून तिघं बसलो. बसलो ते बसलोच. लाटा मोठ्या होत्या, सईला मजा वाटत होती. हळूहळू पाणी करडं झालं, मग काळपट झालं. मुकुंद म्हणाला, ढग असणार. मी मागं वळून पाहिलं. आमच्या पाठीमागे, शेतांच्या आणि घरांच्या वर, सगळं आकाश लाल झालं होतं आणि सूर्य केव्हाच गेला होता.

आम्ही दोघंही चांगले शिकलेले. नकाशा आम्हाला पाठ होता. हा महासागर जपानच्या पूर्वेला आहे हे शाळेतल्या मुलानंही सांगितलं असतं. पण आपल्याकडच्या माणसाला समुद्र म्हणजे सूर्य मावळायची जागा. मुकुंदच्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या हर्णैला आजोळी गेल्या होत्या. समुद्रासमोर बसलं की सूर्य समोर बुडणार, याबद्दल त्याला कधी विचार करायची वेळच आली नव्हती. परतीच्या गाडीत त्यानं सईच्या पायांवरची वाळू झटकली. मग म्हणाला, "या देशाला दुसरी बाजू असेलच की. तिकडे जाऊ."

तिथून आमच्या घरातला सुट्ट्यांचा वाद सुरू झाला.

इथे सुट्टी मिळते ती सगळ्यांना एकदम. नव्या वर्षाची, मे महिन्यातली आणि ऑगस्टमधली, ओबोनची, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांची. एरवीची रजा कागदावर असते, पण मागायला माणूस कचरतो. त्यामुळे वर्षाकाठी हाती येणारे ते थोडे दिवस कुठे घालवायचे हा प्रश्न आमच्याकडे वर्षभर पुरायचा. मुकुंदच्या ऑफिसातले लोक हवाईला जात, ग्वामला जात, कोणी चार दिवसांत पॅरिस करून येई. उरायासुला एक मराठी कुटुंब होतं. ते दर सुट्टीत सिंगापूर, हाँगकाँग, बँकॉक असं करत. एवढे जवळ आलोत तर बघून घ्यावं, पुण्याहून का कोणी रोज येणार आहे, असं त्या वहिनी म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं. त्यांचे अल्बम बघताना मलाही कधी कधी वाटायचं, आपण फारच साधे.

मुकुंदच्या शेजारच्या टेबलावरचे सातो-सान त्याला एकदा म्हणाले, तुम्ही तर बारा महिने परदेशातच असता, मग सुट्टीत जायला तुम्हाला देश कुठला उरतो? मुकुंदनं त्याच्या मोडक्या जपानीत उत्तर दिलं, "कामाच्या दिवशी मी परदेशात असतो. सुट्टीत जपानला जातो." हे ऑफिसभर झालं. घरी येऊन त्यानं मला ते चार वेळा सांगितलं.

मला मात्र सिंगापूरही बघायचं नव्हतं आणि जपानही. मला पुण्याला जायचं होतं.

यावरून आमचं एकदा खरंच भांडण झालं. तो म्हणाला, पुण्याला जाणं ही सुट्टी नव्हे, ती हजेरी. मला ते लागलं. माझ्या माहेरी जाण्याला हजेरी म्हणतोस, म्हणून दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. पण तो जे म्हणत होता त्यात तथ्य होतं, हे मला आज शांतपणे लिहिता येतं. आम्ही वर्षाआड पुण्याला जायचो. दोन-तीन आठवडे. कोणाकडे आधी जेवलो, कोणाकडे नुसताच चहा घेतला, कोणाच्या मुलीला पेन्सिलींचा डबा दिला आणि कोणाच्या मुलाला नुसतं खोडरबर, याचा हिशेब आमच्या मागे वर्षभर चालायचा. सईचं पोट तिसऱ्या दिवशी बिघडायचं. ती तिथे बोलायची नाही. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर जपानीत यायचं, आणि ते ऐकून लोक हसले की ती तोंड मिटून बसायची. सासूबाई म्हणायच्या, पोर बुजरी आहे. काही नातेवाईक हळूच विचारायचे, हिला ऐकू नीट येतं ना?

आणि तरीही. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत तासभर उभं राहून पुस्तकं चाळणं, रिक्षावाल्याशी विचार न करता भांडता येणं, बाबांचे केस मागच्या खेपेपेक्षा किती पांढरे झाले ते डोळ्यांनी बघणं, यांना कुठल्याही सहलीत पर्याय नाही. फोटोत माणसं म्हातारी होतात ती एकदम होतात. वर्षाआड का होईना, जाऊन आलं की ती हळूहळू होतात. हे मी मुकुंदला सांगितलं, आणि पुढच्या खेपेची तिकिटं त्यानं माझ्या आधी काढून ठेवली. परतताना मणभर बाकरवडी घेतली, कारण इथे सुट्टीहून येणाऱ्यानं ऑफिसात खाऊ न्यायचा असतो, प्रत्येकाला एक, वेगळा बांधलेला. आमची बाकरवडी सुटी. मग त्यानं आणि सईनं जेवणाच्या टेबलावर बसून एकेक बाकरवडी पातळ कागदात गुंडाळली, वर सईनं फुलं काढली. ती घरी गेलेली सुट्टीसुद्धा त्यानं अशी ऐटीत मिरवली.

मधल्या वर्षांत आम्ही जपान बघितलं. शाळांच्या सुट्टीच्या दिवसांत इथे साध्या गाड्यांचं एक स्वस्त तिकीट मिळतं, दिवसभर कुठेही जा, पण जलद गाडीत बसायचं नाही. मुकुंदनं ते तिकीट आमचं कुलदैवत करून टाकलं. पहाटे निघायचं, डबा बरोबर, आणि गाड्या बदलत बदलत जायचं. लहान स्टेशनांवर उतरायचं, गाव बघायचं, पुढची गाडी पकडायची. प्रसिद्ध देवळं-किल्ले आम्ही फारसे पाहिले नाहीत. उरायासुच्या वहिनींनी विचारलं की मला सांगण्यासारखं काही नसायचं. पण मला त्या गाड्यांमध्ये वाचता यायचं, सईला खिडकी मिळायची, आणि मुकुंद प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्यानं वाचायला शिकला.

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टात त्याला ती दुसरी बाजू सापडली. दिवसभर प्रवास करून, डोंगर ओलांडून आम्ही निइगाताच्या किनाऱ्याला लागलो आणि ओमिगावा नावाच्या स्टेशनावर उतरलो. उतरणारे आम्हीच. फलाटाच्या कठड्याला लागून समुद्र. गाव म्हणजे मूठभर घरं, एक घरगुती खाणावळ, तिथेच वर राहायला खोल्या. संध्याकाळी फलाटावर बसून आम्ही सूर्य समुद्रात बुडताना पाहिला, समोर, जिथे तो बुडायला हवा तिथे. मुकुंदनं कुजुकुरीचा सगळा राग तिथे काढून टाकला. पुढे दर वर्षी आमची एक सुट्टी ओमिगावाला ठरलेली. त्या शनिवारी आम्ही तिकडेच निघणार होतो.

तो गेल्यावर त्याचं सगळं इथेच करावं लागलं. अस्थी घेऊन सईला आणि मला पुण्याला जायला आठवडा लागला. त्या दिवसांतलं मला सलग आठवत नाही. दहाव्याचं तेवढं आठवतं. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडांवर कावळे होते, जवळ येत नव्हते. लोक एकेक करून पुढे जाऊन बोलू लागले. सतीशभाऊजी म्हणाले, सईचं शिक्षण मी करीन. माझे बाबा म्हणाले, पोरीला माघारी घेऊन येऊ. सासूबाई म्हणाल्या, दोघींना मी माझ्याजवळ ठेवीन, तू काळजी करू नकोस. कावळा आला नाही. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि सगळे निघालो.

सासूबाईंच्या मनात ते राहिलं. दोघी अजून परत आल्या नाहीत, म्हणून त्याचा जीव अडकला आहे, असं त्यांनी धरलं. तसं बोलून दाखवलं नाही, पण सईचं शाळेचं वर्ष संपवायला म्हणून मी टोकियोला परतले तेव्हापासून दर फोनमध्ये एकच प्रश्न असे, कधी येताय. पुण्यात सगळ्यांनी ते गृहीतच धरलं होतं. सतीशभाऊजींनी सईसाठी शाळाही बघून ठेवली होती. माझ्या मनात काय आहे हे कोणी विचारलं नाही, आणि माझं मलाही ते नीट माहीत नव्हतं.

आम्ही राहत होतो ते मुकुंदच्या व्हिसावर. त्याची मुदत पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात संपणार होती, आणि सईचं शाळेचं वर्ष संपलं तरी मी निघाले नव्हते. मी एका छोट्या भाषांतर कचेरीत अर्धवेळ काम करत होते, जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीत आणायचं काम. ती कचेरी चालवणाऱ्या मोरी-सान या बाईंनी मला जुलैत सांगितलं, पूर्णवेळ या, व्हिसाचं आम्ही बघू, पण ऑगस्टअखेर उत्तर हवं. हो म्हणाले तर आम्ही इथल्या. नाही म्हणाले तर बांधाबांध सुरू करायची. पुण्याला मी हे कळवलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन. म्हणाल्या, वर्षश्राद्ध सतीश इथे करील. मी तिकडे येते.

त्यांचं वय तेव्हा सदुसष्ट. त्याआधी त्या विमानात बसल्या नव्हत्या. त्या आम्हाला न्यायला येत आहेत, हे मला कळत होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. विमानतळावर भेटल्यावर दुसरंच वाक्य होतं, "सामान फार नसेल ना तुमचं?"

आठ दिवस त्या घरात होत्या. मी कामावर गेले की सई त्यांना सांभाळायची. नऊ वर्षांची सई. पुण्यात जिला ऐकू येतं का म्हणून विचारत, ती आजीला हाताला धरून कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायची, कोणत्या बाटलीत दूध आणि कोणत्या बाटलीत दही ते सांगायची, कचरा वेगळा करायला शिकवायची आणि आजीनं चुकीच्या पिशवीत टाकलेली साल काढून परत दाखवायची. सगळं मराठीत. आजीशिवाय ऐकणारं कोणी नव्हतं आणि आजी हसत नव्हत्या, म्हणून ती बोलत होती. सासूबाई मला म्हणाल्या, "हिला कोणी बुजरी म्हटलं गं?" मी त्यांना आठवण करून दिली नाही.

तिथीला काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. त्यांनीच विचारलं, तो सुट्टीत जायचा ते गाव कुठे आहे. मी म्हटलं, लांब आहे, साध्या गाडीनं दिवस जातो, तुम्हाला झेपायचं नाही, जलद गाडीनं जाऊ. त्या म्हणाल्या, तो कसा जायचा? मग आम्ही तशाच गेलो. गाड्या सई बदलत होती. पुढे चालायची, फलाटाचा नंबर वाचायची, मागं वळून दोघींना मोजायची. एका स्टेशनावर आमची गाडी कुठली यावरून मी आणि सई वाद घालत होतो, तेव्हा तिनं सरळ टोपीवाल्या स्टेशन कर्मचाऱ्याला जाऊन विचारलं, वाकून आभार मानले आणि येऊन म्हणाली, "आई, तू चूक." सासूबाई पदरानं तोंड झाकून हसल्या. नातीचा चाललेला सगळा कारभार त्या दिवसभर टक लावून बघत होत्या, आणि मला वाटतं, मी त्यांच्याकडे बघत होते.

खाणावळीच्या बाईंनी आम्हाला ओळखलं. मुकुंदविषयी मी सांगितलं तेव्हा त्या जमिनीला कपाळ लागेपर्यंत वाकल्या आणि उठून आमच्यासाठी चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी तिथी होती. सासूबाईंना पान वाढायचं होतं, केळीचं पान मिळणार नव्हतं. परसात गेल्या आणि तिथूनच मला हाक मारली. अळू होतं, चांगलं माजलेलं. इथे खालचा कंद खातात आणि पानं टाकून देतात, हे त्यांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. "एवढी पानं? टाकतात?" मला ते खाणावळीच्या बाईंना भाषांतर करून सांगावं लागलं. मग त्यांच्या स्वयंपाकघरात सासूबाईंनी भात केला, पुण्याहून आणलेल्या डाळीचं वरण केलं, उडदाचे चार वडे तळले. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तेल किती तापलं हे दोघींनाही एकदमच कळत होतं.

अळूच्या पानावर सगळं वाढून आम्ही स्टेशनजवळच्या वाळूवर गेलो. सासूबाईंनी पान ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. आम्ही थोडं मागं सरलो. वर्षभर मनात जपलेलं काहीतरी त्यांना बोलायचं होतं, हे त्यांच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. त्यांनी घसा साफ केला.

तेवढ्यात वरून काहीतरी आलं. पंखांचा वारा माझ्या तोंडावर लागला. एक घार खाली झेपावली, पंजांत सापडले तेवढे वडे आणि अर्धं पान घेऊन वर गेली, आणि भात वाळूभर झाला.

"तोम्बी," सई शांतपणे म्हणाली. तोम्बी म्हणजे घार. "आजी, इथे त्या माणसाच्या हातातनंसुद्धा नेतात."

सासूबाई वर बघत होत्या. "थांब की मेल्या," त्या घारीला म्हणाल्या, "मला बोलू तरी दे."

म्हणाल्या आणि आपण काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं. क्षणभर त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मला हसू आलं. मला वाटलं, हे बरोबर नाही, पण ते थांबेना. सासूबाईही हसायला लागल्या, आणि हसता हसता खाली वाळूत बसल्या. सई आमच्या दोघींकडे बघून गोंधळली होती. वर्षभरात तिनं मला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"आई, घार चालते का हो?" मी विचारलं.

"न चालायला काय झालं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आला तसा जेवून गेला. तिकडे सगळ्यांनी एवढं काय काय कबूल केलं, तर ढुंकून बघितलं नाही त्यानं. इथे मी तोंड उघडायची वाट नाही बघितली."

मग कितीतरी वेळ आम्ही तिथेच होतो. ऊन कलत गेलं. सूर्य पाण्यात उतरायला लागला तशा त्या नीट बसल्या, हात गुडघ्यांवर ठेवून. "हा बरोबर समुद्र आहे," त्या म्हणाल्या. सई लांब पाण्याशी गेली होती. तिथपर्यंत ऐकू जाणार नाही अशा आवाजात सासूबाईंनी मला एक गोष्ट सांगितली. ती मुकुंदलाही ठाऊक नसावी. त्यांचे यजमान गेल्यावर त्यांचा मोठा भाऊ हर्णैहून पुण्याला आला होता, त्यांना आणि मुलांना घेऊन जायला. घरची वाडी आहे, माणसं आहेत, पुण्यात एकटी काय करणार, असं म्हणत होता. बैलगाडीपासून बोटीपर्यंत सगळं ठरवून आला होता.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. पोहे करून घातले आणि परत पाठवला. मुलांची शाळा पुण्यात, माझी नोकरी पुण्यात. तिकडे मी सुट्टीला येईन, राहायला येणार नाही, असं म्हटलं. दोन वर्षं बोलत नव्हता माझ्याशी." त्यांनी वाळूतला भाताचा एक चिकट गोळा उचलून पानाच्या उरलेल्या तुकड्यावर ठेवला. "विमानात बसल्यापासून मला तो आठवतोय. म्हटलं, मी तोच होऊन निघाले आहे."

मी पानाभोवतीची वाळू सारखी केली. त्याच पुढे म्हणाल्या, "तुझ्या कामावरच्या त्या बाईंना काय सांगायचं ते तू ठरव. मी हिला बघितलं आणि तुलाही बघितलं. मला कोणी विचारलं तर मी सांगीन, माझी सून तिथे आपल्या जिवावर राहते. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि पोहे मिळाले नाहीत मला अजून, ते लक्षात ठेव."

टोकियोला परतल्यावर मी मोरी-सानना हो म्हणून सांगितलं. पुण्याला फोन सासूबाईंनी केला. सतीशभाऊजी काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, सासूबाईंचं उत्तर तेवढं ऐकू आलं, "शाळेचे पैसे भरले असशील तर परत माग." निघायच्या दिवशी त्यांनी आपल्या भजनी मंडळासाठी खाऊचे डबे घेतले, प्रत्येकीला एक वेगळा बांधलेला मिळेल असे, आणि ती पद्धत त्यांना फार आवडली होती.

माझ्यासारखी कोणी हे वाचत असेल, टोकियोत, सिंगापुरात किंवा न्यू जर्सीत, आणि यंदाच्या सुट्टीत कुठे जायचं यावर घरात धुसफूस चालू असेल, तर माझ्याजवळ तिला द्यायला उत्तर नाही. घरी जाण्यानं जे मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही. जिथे राहतो तो मुलूख पायाखाली घालण्यानं जे मिळतं तेही नाही. जिथे आपण सुट्टी घेऊन जातो ते एक घर, आणि सुट्टी संपली की जिथे परततो ते एक, इतकं मला कळलं आहे. मुकुंद कोणत्याही ठिकाणी पाहुण्यासारखा राहिला नाही. हर्णैच्या वाळूवर वाढलेला मुलगा ओमिगावाच्या फलाटावर तितक्याच हक्कानं बसला. त्याची बायको म्हणून मला या गोष्टीचा अभिमान आहे, आणि त्याची आई म्हणून सासूबाईंना. त्यांच्या शेजारणींनी त्यांना विचारलं, जपानमध्ये काय बघितलं. त्या म्हणाल्या, माझ्या मुलाचं गाव बघितलं.

याला आता वर्ष झालं. मुकुंद नाही. सई पाचवीत आहे. मी हिगाशी-कसाईत राहते आणि पूर्णवेळ काम करते. सासूबाई पुण्यात आहेत. एका वर्षी आम्ही जायचं, एका वर्षी त्यांनी यायचं, असं ठरलं आहे.